रोझा पार्क्स यांच्या मागे बसलेला माणूस

माँटगोमेरीच्या बसमध्ये खिडकीशी बसून बाहेर पाहणाऱ्या रोझा पार्क्स, आणि मागच्या बाकावर भलतीकडे नजर लावून बसलेला एक गोरा माणूस. अमेरिकेतील नागरी हक्कांचा धडा आला की हा फोटो हमखास दाखवला जातो आणि पार्क्स यांनी जागा सोडायला नकार दिला तो क्षण म्हणून मनात बसतो. ती घटना १ डिसेंबर १९५५ ची. फोटो मात्र २१ डिसेंबर १९५६ चा, बसवरचा ३८१ दिवसांचा बहिष्कार संपून कृष्णवर्णीय पुन्हा बसमध्ये चढले त्या दिवसाचा. मागचा माणूस निकोलस ख्रिस हा वार्ताहर, खास फोटोसाठी तिथे बसलेला. गंमत अशी की तारखेचा घोळ फोटोतच उघडा पडतो. १९५५ मध्ये गोऱ्यांनी पुढून भरत यायचे आणि कृष्णवर्णीयांनी मागे बसायचे, असा दंडक होता. पार्क्स पुढे आणि गोरा मागे, ही बैठक त्या काळात शक्यच नव्हती. एवढा एक नियम ठाऊक असलेल्या आठवीच्या मुलालाही हा फोटो अन्यायाचा नसून विजयाचा आहे हे स्वतः शोधता येईल.

म्हणून माझा आग्रह आहे की, फोटो धड्याची शोभा म्हणून लावू नये. साक्षीदारासारखी त्याची उलटतपासणी घ्यावी. फोटो ठरवून काढला हे कळले तर मुलांना चळवळच बनाव वाटेल, अशी शंका काही शिक्षक घेतात. खोट्या चित्रांच्या या दिवसांत ती गैर नाही. पण जागा न सोडल्याबद्दल झालेली पार्क्स यांची अटक पोलिसांच्या दप्तरी नोंदलेली आहे. ती या फोटोच्या आधाराने उभी नाही. उलट फोटो ठरवून काढल्याचे मुलाला पुढे परस्पर कळले, तर त्याचा शिकवणाऱ्यावरचाच विश्वास उडेल. शिवाय तारीख नीट लावली की इतिहास मोठा होतो. पार्क्स यांच्या बोटांचे ठसे घेतानाचा प्रसिद्ध फोटोही पहिल्या अटकेचा नाही, तो २२ फेब्रुवारी १९५६ चा आहे. बहिष्कार पुकारल्याबद्दल तेव्हा ऐंशीहून अधिक जणांवर आरोप ठेवले होते. एकट्या बाईच्या धाडसाची गोष्ट तिथे अख्ख्या वस्तीची होते.

एवढ्या तपासाला तासिका पुरत नाही, हा आक्षेप खरा आहे. मग दहा फोटो भराभर दाखवण्याऐवजी एकच घ्यावा आणि शेवटी विचारावे, या चौकटीत कोण नाही? पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, २ मार्च १९५५ रोजी, त्याच शहरात १५ वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनने बसमधली जागा सोडायला नकार दिला होता. तिलाही अटक झाली. बसमधील भेदभाव ज्या खटल्याने बेकायदा ठरला, त्यात ती फिर्यादी होती; पार्क्स नव्हत्या. तिच्या अटकेची नोंद न्यायालयाने पुसली ती २०२१ मध्ये, कॉल्व्हिन ८२ वर्षांची असताना.