कार्ड आहे, मग पैसे कसले?

भंडारा जिल्ह्यातला मोहाडी तालुका म्हणजे धानाची शेती, कोष्ट्यांचे माग आणि विड्या वळणारे हात. या हातांत आता आरोग्य योजनेचे कार्ड आले आहे. तरीही दवाखान्याच्या खिडकीपाशी प्रश्न ऐकू येतोच, ‘कार्ड आहे, मग पैसे कसले?’ याचे उत्तर शोधायला थोडे मागे जावे लागते.

कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे सोपवले गेले. १९४८ मध्ये कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली. हा कामगार विमा मोठ्या मनाचा होता. साध्या खोकल्याचे औषध त्यातून मिळे, इस्पितळातले उपचार मिळत आणि बुडालेल्या मजुरीची काही भरपाईही होई. मात्र कारखाना विजेसारख्या शक्तीवर चालणारा आणि किमान २० कामगारांचा हवा, ही अट होती. घरच्या ओसरीवर सूप मांडीवर घेऊन विड्या वळणारी बाई त्यात कशी बसणार? तिच्यासाठी १९७६ साली कल्याण निधीचा कायदा झाला आणि विडीवरच्या उपकरातून दवाखाने चालले. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला, तेव्हा तो उपकर रद्द झाला.

दरम्यान १९८६ साली सरकारी विमा कंपन्यांनी ‘मेडिक्लेम’ आणली. इथे विम्याचा अर्थच बदलला. तिचा भर इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णाच्या खर्चावर होता. राज्याची राजीव गांधी जीवनदायी योजना त्याच वळणाची. २०१२ साली ती आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये राज्यभर पोचली. संरक्षण होते कुटुंबाला वर्षाला दीड लाखाचे. २०१७ पासून तिला महात्मा फुले यांचे नाव आहे. १ जुलै २०२४ पासून मर्यादा पाच लाख झाली आणि राज्यातली सर्व कुटुंबे तिच्यात आली. यादीतल्या आजारासाठी योजनेतल्या रुग्णालयात दाखल व्हा, उपचार मोफत. ही फार मोठी सोय आहे.

पण दाखल होण्याआधीच्या खेपा, रक्तदाब-साखरेच्या रोजच्या गोळ्या, नागपूरचे जाण्यायेण्याचे भाडे आणि बुडालेला रोज? हा भार बहुतांशी रुग्णाच्याच पदरी राहतो. देशातल्या आरोग्य खर्चाच्या शंभर रुपयांपैकी २०१३-१४ मध्ये ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून भरत होते. २०२१-२२ मध्ये ते ३९ वर आले. भार हलका झाला, संपला नाही.

खासगी पॉलिसीत आणखी एक खाच असते. खोलीभाड्याची मर्यादा ३,००० रुपये असताना ६,००० ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात निम्म्यावर येतो. उरलेले आपण भरायचे.

म्हणून दाखल होण्यापूर्वीच विचारावे. आजार यादीत आहे काय? तपासण्यांचे पैसे कोण देणार? घरी गेल्यावर औषधे किती दिवसांची मिळतील? योजनेच्या रुग्णालयात हे सांगायला आरोग्यमित्र बसलेला असतो. त्याला विचारायला संकोच कशाचा? बिल हाती आल्यावर विचारलेला प्रश्न महाग पडतो.