राउटरच्या वेशीवरचा पहारा : फायरवॉलच्या नियमांचा इतिहास

१/ २ नोव्हेंबर १९८८. कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने लिहिलेला एक छोटा प्रोग्राम इंटरनेटवर पसरला. सुमारे ६,००० संगणकांना त्याची बाधा झाल्याचा अंदाज तेव्हा वर्तवला गेला. त्या काळचे इंटरनेट म्हणजे वेस नसलेले गाव होते. येणाऱ्याला ‘कोण? कुठून?’ असे विचारण्याची रीतच बहुतेक ठिकाणी नव्हती.

२/ १९८९ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमधील जेफ्री मोगल यांनी गेटवेवर पॅकेट गाळण्याची पद्धत शोधनिबंधातून मांडली. पॅकेट म्हणजे माहितीचा लिफाफा. त्यावर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता आणि पोर्टचा क्रमांक असतो. आतला मजकूर न वाचता लिफाफ्यावरूनच निर्णय घ्यायचा, हे या पद्धतीचे सूत्र होते.

३/ परंतु या पहारेकऱ्याला स्मरणशक्ती नव्हती. घरातून गेलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणते आणि न बोलावता आलेला आगंतुक कोण, हे त्याला ओळखता येत नसे. १९९४ मध्ये चेक पॉइंटच्या ‘फायरवॉल-१’ने प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवण्याची पद्धत बाजारात रूढ केली. आजच्या घरगुती राउटरमध्येही तीच नोंदवही असते.

४/ त्याच वर्षी मे महिन्यात ‘नॅट’ची कल्पना आरएफसी १६३१ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाली. हेतू संरक्षणाचा नव्हता. पत्ते कमी पडत होते म्हणून एकाच पत्त्यामागे अनेक संगणक बसवायचे होते. मात्र बाहेरून आलेले अनाहूत पॅकेट नेमके कोणाला द्यायचे हे ठाऊक नसल्याने ते गळून पडे. आडोसा मिळाला तो असा, ओघाने.

५/ लिनक्सच्या जगात रस्टी रसेल यांच्या पुढाकाराने १९९९ मध्ये ‘आयपीचेन्स’ आणि २००१ मध्ये ‘आयपीटेबल्स’ आले. येथे नियम वरून खाली वाचले जातात आणि जो नियम आधी लागू पडेल त्याचाच निर्णय अंतिम ठरतो.

६/ म्हणूनच क्रमाला महत्त्व. ‘कॅमेऱ्याला इंटरनेटवर जाण्यास मनाई’ हा नियम आधी आणि ‘घरातील सर्वांना मुभा’ हा नंतर हवा. क्रम उलटला, तर मनाईपर्यंत पाळीच येत नाही. नियम कागदावर असतो, पहारा मात्र नसतो.

७/ हे नियम लिहिण्याचा अधिकार सामान्य घरमालकाला मिळाला तो एका राउटरमुळे. डिसेंबर २००२ मध्ये लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी५४जी आला. त्यात जीपीएल परवान्याखालील लिनक्स असल्याचे जाणकारांनी दाखवून दिले. परवान्याच्या अटीनुसार २००३ मध्ये कंपनीला तो कोड खुला करावा लागला.

८/ त्या कोडमधूनच २००४ मध्ये ‘ओपनडब्ल्यूआरटी’ जन्मले. २००५ मध्ये कंपनीने याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत मेमरी कमी करून लिनक्स काढून टाकले. मात्र लिनक्स हवे असणाऱ्यांसाठी डब्ल्यूआरटी५४जीएल हे वेगळे मॉडेल काढले.

९/ वेस उघडी राहिल्याची किंमत २०१६ मध्ये दिसली. ‘मिराई’ने पोर्ट २३ व २३२३ वरून टेलनेटद्वारे, कारखान्यातून आलेले पासवर्ड वापरून घरोघरचे कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. २१ ऑक्टोबरला अशा उपकरणांनी डाइन या कंपनीवर हल्ला चढवला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांसाठी बंद पडल्या. हल्ल्याची हत्यारे लोकांच्या घरातलीच होती. मालकांना त्याचा पत्ताही नव्हता.

१०/ आयपीव्ही६ मध्ये घरातील प्रत्येक उपकरणाला स्वतःचा जागतिक पत्ता मिळू शकतो. नॅटचा आयता आडोसा तेथे गृहीत धरता येत नाही. उरतो तो नियमांचाच पहारा. ‘आतून सुरू झालेल्या संभाषणाला मुभा, बाहेरून आलेल्या बाकी सर्वांना मनाई, आणि अपवाद मोजके व जाणीवपूर्वक’ हा धडा तीन दशकांच्या ठेचांनी शिकवलेला आहे. राउटरच्या सेटिंगमधील त्या रुक्ष ओळींमागे एवढा इतिहास उभा आहे.