जुन्नर येथील भोजनमंडप व उतारशाळा

जुन्नरच्या लेण्यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु त्या लेखनाचा रोख चैत्यगृहें, स्तंभ, लिपि व राजवंश यांकडे असतो. या गांवीं आलेला मनुष्य जेवीत कोठें असे, कोणाच्या पंक्तीस बसे आणि त्याच्या पानांत पडणारें धान्य कोणाचें असे, हा प्रश्न क्षुद्र समजून बाजूस टाकण्यांत येतो. वस्तुतः या प्रश्नास थेट उत्तर देणारीं दोन साधनें उपलब्ध आहेत. एक शिवनेरीच्या खडकांत कोरलेलें आहे. दुसरें रशियन भाषेंत असून त्या देशांतील एका मठाच्या ग्रंथसंग्रहांत सांपडलें. दोहोंमध्यें तेराशें वर्षांहून अधिक अंतर आहे, परंतु डोंगर एकच आहे. हीं साधनें आजपर्यंत शेजारीं शेजारीं ठेवून वाचलेलीं आमच्या पाहण्यांत नाहींत, म्हणून हा प्रयत्न.

शिवनेरीवरील लेख एवढाच आहे: ‘यवनस चिटस गतानं भोजनमटपो देयधम सघे’. म्हणजे, गतांपैकीं यवन चिट याचा भोजनमंडप, हा संघास दिलेला देयधर्म होय. ल्यूडर्सच्या ब्राह्मी लेखांच्या यादींत याचा क्रमांक ११८२ आहे. लिपीवरून लेख इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकांतील ठरतो. ‘मटप’ हें ‘मंडप’ याचें रूप असून ‘ड’ चा ‘ट’ झालेला आहे; मानमोडीच्या डोंगरांतील नहपानाचा अमात्य अयम याच्या वर्ष ४६ च्या लेखांतही पोढी आणि ‘मटपो’ हेच शब्द जोडीनें आले आहेत. हें वर्ष शककालाचें मानल्यास इ. स. १२४ येतें. ‘गतानं’ या पदावर बराच वाद झाला. स्टेन कोनो यांनीं येथें युरोपांतील गॉथ लोक पाहिले. नामसादृश्यापलीकडे त्यास आधार नाहीं, आणि केवळ नामसादृश्यावर एवढी लांब उडी मारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मात्र हें पद सुटें नाहीं, ही गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. जुन्नरच्याच लेण्यांत दुसरा लेख आहे: ‘यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो’. इरिल आणि चिट हे दोघेही यवन, दोघेही गतांपैकीं. एकानें संघास पाण्याचीं दोन टांकीं दिलीं, दुसऱ्यानें जेवणाची जागा दिली. मानमोडीवरील भूतलेण्याच्या दर्शनी भागाचें दान करणारा चंद हा तिसरा यवन. त्याच्या नांवापुढें ‘गत’ हें पद नाहीं. (इरिलाच्या लेखांतील ‘बे’ हा शब्द आमच्या मुलांच्या पाढ्यांत अद्याप जिवंत आहे, हें जातां जातां नमूद करितों.)

अलीकडे कित्येक हौशी प्रवासी या भोजनमंडपास ‘प्राचीन खाणावळ’ म्हणूं लागले आहेत. नाणेघाटांतून तांडे येत, यवन व्यापारी येत, तेव्हां त्यांच्या सोयीसाठीं एका यवनानें जेवणाची शाळा काढली, अशी ती कल्पना आहे. ती मनोरम असली तरी लेखास धरून नाहीं. लेखांतील शेवटचें पद ‘सघे’ हें आहे, आणि सर्व निर्णय त्या पदांत आहे. मंडप संघास दिला, वाटसरूंस नव्हे. बौद्ध भिक्षूंस मध्याह्नानंतर जेवण्याचा निषेध असे, म्हणजे ही जागा दिवसाच्या पूर्वार्धांतच वापरली जाई. जेवणगृहास पालींत ‘भत्तग्ग’ म्हणतात, आणि तेथें कसें वागावें याचे नियम विनयपिटकाच्या चुल्लवग्गांत विस्तारानें दिले आहेत: थेरांच्या आसनावर रेटून बसूं नये, पात्र दोन्ही हातांनीं धरावें, सर्वांस भात वाढून होईपर्यंत थेरानें जेवावयास आरंभ करूं नये, इत्यादि. यांत दिसते ती शिस्तीची पंगत. येईल त्यास पैसे घेऊन वाढणारें दुकान नव्हे. भोजनचतुःशाला हा शब्द कान्हेरीच्या लेखांतही भेटतो, आणि तीही विहाराचेंच अंग आहे.

तथापि एवढ्यानें प्रश्न संपत नाहीं. मंडप म्हणजे छप्पर. पानांत धान्य कोठून आलें? नाशिकच्या लेण्यांत याचें उत्तर स्वच्छ आहे. नहपानाचा जांवई उषवदात यानें अश्विभूति नांवाच्या ब्राह्मणापासून चार हजार कार्षापणांस एक शेत विकत घेतलें, तें अशासाठीं कीं आपल्या लेण्यांत राहणाऱ्या चातुर्दिश भिक्षुसंघास त्यापासून ‘मुखाहार’ मिळावा. जुन्नरास अशा स्पष्ट शब्दांचा लेख नसला तरी सामग्री तीच आहे. आडुथुम नांवाचा शक उपासक कोणाचिक श्रेणीकडे दोन शेतांचें उत्पन्न लावून देतो: वडालिकेंतील वीस निवर्तनें करंजांच्या झाडांसाठीं आणि कटपुतकांतील नऊ निवर्तनें वडांसाठीं. बुरूड व कांसार यांच्या श्रेणींकडे ठेवी ठेवल्याचा लेख आहे. आणि आमच्या विषयास सर्वांत जवळचा तो धान्यविक्यांच्या श्रेणीचा, ‘धंञिकसेणी’चा; तिनें सात खोल्यांचें लेणें व एक पोढी दान दिली. ज्या गांवीं धान्याचे व्यापारी एकत्र येऊन सात खोल्यांचें लेणें खोदवूं शकत, त्या गांवच्या पेठेंत किती धान्य उतरत असेल याची अटकळ वाचकांनीं करावी. पश्चिमेकडे, म्हणजे आजच्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या मावळांत, भात, नाचणी व वरई. पूर्वेकडे कोरडवाहू पट्टी. जुन्नर या दोहोंच्या सांध्यावर बसलेलें आहे. लेण्याद्रीचें चैत्यगृह देणारा सुलसदत्त कल्याणचा, म्हणजे घाटाखालचा होता. त्याच्यासारख्यांची ये-जा या सांध्यावरूनच चाले.

मग त्या ये-जा करणाऱ्यांच्या जेवणाचें काय? येथें नाणेघाट पाहावा. घाटमाथ्याजवळच्या लेण्यांत सातवाहन राणी नागनिकेचा मोठा लेख आहे. त्यांतील गाईंचे, घोड्यांचे व कार्षापणांचे आंकडे प्रसिद्धच आहेत. त्या दक्षिणा यज्ञांच्या होत, वाटसरूंशीं त्यांचा संबंध नाहीं. वाटसरूंशीं संबंध आहे तो टांक्यांचा. एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासानें दिली. दुसरी वासिष्ठीपुत्र चतरपन सातकर्णीच्या तेराव्या वर्षीं दामघोष नांवाच्या गृहपतीनें दिली. घाटाच्या वाटेवर पाण्याचें दान वारंवार आढळतें, शिजलेल्या अन्नाचें एकही आढळत नाहीं. उषवदातानें भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन व शूर्पारक या चार ठिकाणीं धर्मशाळा बांधल्या, नद्यांवर फुकट तरी ठेविल्या, विहिरी व तळीं केलीं. तोच वर्षभर लक्ष ब्राह्मणांस भोजन घालीत असे असें त्याचा लेख सांगतो. म्हणजे वाटसरूस निवारा, उतार आणि पाणी. भोजन मात्र ब्राह्मणांस व भिक्षुसंघास. वाटेवरचा मनुष्य आपलें धान्य आपल्याबरोबर आणी व टांक्याच्या कांठीं आपल्या भांड्यांत शिजवी, असें अनुमान यावरून निघतें.

हें अनुमान पडताळून पाहण्यास एक प्रत्यक्षदर्शी साक्षीदार मिळतो, तो पुष्कळ उत्तरकालीन असला तरी जुन्नरांतच राहिलेला. अफनासी निकितिन हा त्व्हेर येथील व्यापारी इ. स. १४७० च्या सुमारास एक घोडा घेऊन चौल बंदरीं उतरला व पालीवरून घाट चढून जुन्नरास आला. त्या वेळीं येथें महमूद गावानाच्या हाताखालील असदखान हा अंमलदार होता. निकितिन पावसाळ्यांत येथें दोन महिने राहिला; चार महिने रात्रंदिवस जिकडेतिकडे पाणी आणि चिखल, असें तो लिहितो. मावळचा आषाढ-श्रावण ज्यांनीं काढला आहे त्यांस यांत अतिशयोक्ति दिसणार नाहीं. शहर खडकाच्या बेटावर आहे, तें मनुष्यानें घडविलेलें नसून देवानें केलेलें आहे, आणि वर जाण्याची वाट इतकी अरुंद कीं दोघे एकदम जाऊं शकत नाहींत, असेंही तो म्हणतो. हें वर्णन शिवनेरीस लागू पडतें. म्हणजे चिटाचा भोजनमंडप ज्या खडकांत आहे तोच हा खडक. खानानें त्याचा घोडा हिरावून घेतला आणि मुसलमान झालास तर घोडा व हजार मोहरा देईन, न झालास तर घोडाही घेईन व हजार मोहरा दंडही करीन, असें सांगून चार दिवसांची मुदत दिली. एका खोरासानी गृहस्थानें रदबदली करून त्यास सोडविलें. ही हकीकत पुष्कळांनीं उतरविली आहे. आमचें काम तिच्या आगेंमागें असलेल्या मजकुराशीं आहे.

जुन्नरच्या त्याच प्रकरणांत तो लिहितो कीं हिंदुस्थानांत परदेशचे व्यापारी उतारशाळांत राहतात, तेथील घरधनीण पाहुण्यांसाठीं जेवण शिजविते व बिछाना घालिते. पुढें त्यानें आणखी जें लिहिलें आहे तें येथें देण्याचें प्रयोजन नाहीं. त्यानें विधान सबंध देशाविषयीं केलें असलें तरी तोंवर मोठ्या शहरांत त्याचा मुक्काम झालेला तो जुन्नरचाच, तेव्हां ही साक्ष मुख्यतः जुन्नरची मानावयास हरकत नाहीं. तेथील पेयांविषयींही तो बोलतो: एक मोठ्या नारळांत होणारें, दुसरें ताडाच्या जातीच्या झाडापासून काढलेलें. माडी ही कोंकणची वस्तु. जुन्नरच्या पठारावर झाड आहे तें शिंदीचें. चौलाकडे पाहिलेलें आणि जुन्नरास प्यालेलें त्यानें एकाच वाक्यांत गोंवलें असावें. घोड्यांस हरभरा आणि साखर-तेल घालून शिजविलेली खिचडी देत, हेंही त्यानें टिपलें आहे. खिचडीचा हा उल्लेख जुन्नरच्या खाद्येतिहासांत मोलाचा आहे, जरी ती या ठिकाणीं घोड्याच्या तोंडीं गेली तरी.

परंतु सर्वांत महत्त्वाचें वाक्य तो बेदराकडे गेल्यावर हिंदूंच्या जेवणाविषयीं लिहितांना येतें. हे लोक मुसलमानांबरोबर जेवीत नाहींत, आपले अन्न त्यांच्या दृष्टीस पडूं देत नाहींत, आपसांतही सर्वांनीं मिळून जेवीत नाहींत; भात व खिचडी तेलाशीं खातात, उजव्या हातानें जेवतात; आणि प्रवासांत प्रत्येक जण आपलें आपण शिजवितो, प्रत्येकाजवळ आपलें आपलें मडकें असतें. नाणेघाटाच्या टांक्यांवरून आम्हीं जें अनुमान केलें तें येथें एका परक्या मनुष्यानें डोळ्यांनीं पाहून लिहून ठेविलें आहे. तेराशें वर्षांत मार्गावरची रीत तीच राहिली असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण दोन टोंकांस ती तीच दिसते, एवढें निश्चित.

दोन्ही साधनें एकत्र वाचलीं म्हणजे असें दिसतें कीं जुन्नरांत तयार अन्नाची सामायिक जागा ज्या दोन वेळां कागदावर किंवा दगडावर उमटली, त्या दोन्ही वेळां तिच्याशीं जातिबंधनाबाहेरील मनुष्य निगडित आहे. पहिल्या वेळीं दाता यवन आणि जेवणारा संघ, ज्यांत जात विचारीत नसत. दुसऱ्या वेळीं जेवणारा रशियन. ज्याच्याजवळ मडकें आणि पंक्ति दोन्ही होतीं त्या देशी वाटसरूस अशा जागेची गरज नव्हती, आणि म्हणून तिची नोंदही त्यानें केली नाहीं. निकितिनाचें हस्तलिखित एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं करमझीन या इतिहासकारास मठांत सांपडलें व १८५७ सालीं त्याचें इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालें. तो कागद नष्ट झाला असता तर जुन्नरच्या उतारशाळांचें नांवही आपणांस कळतें ना.

मराठी कागदांत याच गोष्टीची दुसरी बाजू मिळते. मराठेशाहींतील जमाखर्चांत पाहुण्यास, कारकुनास किंवा जासुदास द्यावयाचें तें ‘शिधा’ या सदराखालीं पडतें: तांदूळ, डाळ, पीठ, तूप, मीठ, हळद, वर जळाऊ लांकडें. म्हणजे सरकार धान्य देई, शिजवावें ज्याचें त्यानें. शिधा हा शब्दच मडक्याच्या रीतीचा दस्तऐवजी पुरावा होय. ज्यांच्या संग्रहीं जुन्नर, घोडेगांव, मंचर व भीमाशंकराकडील वाटेवरच्या गांवांचीं कुळकर्णी अगर देशमुखी दप्तरें असतील त्यांस आमची विनंति आहे कीं अशा शिध्याच्या यादी हलक्या समजून बाजूस टाकूं नयेत. तालुक्यास नांव देणारें मूळ आंबेगांव डिंभें धरणाच्या जलाशयांत बुडालें. तशा गांवांतून उठलेल्या घराण्यांबरोबर त्यांचीं रुमालें कोठें कोठें पांगलीं आहेत, तीं आतांच पाहिलीं पाहिजेत. विशेषतः ज्या नोंदींत शिध्याऐवजीं शिजलेलें अन्न दिल्याचा उल्लेख असेल, तेथें घेणारा कोण, त्याची जात कोणती आणि स्वयंपाक कोणाच्या हातचा, हीं तीन कलमें अक्षरशः उतरून घ्यावीं.