झाडूपासून रोबोटपर्यंत: आरमोरीच्या फरशीवरून थोडा इतिहास

दिवाळीच्या सेलपासून पाच-सहा जणांनी मला एकच प्रश्न विचारला. "भाऊ, तो झाडू मारणारा रोबोट घ्यायचा विचार करून राहिलो, कोणता घेऊ?" विचारणाऱ्यांत एक शिक्षक जोडपं आहे, एक मेडिकलवाले आहेत, आणि एका काकांचा मुलगा पुण्याहून पाठवून देतो म्हणतो. पत्रकाराला सगळं माहीत असतं हा आपल्या गावाचा जुना गैरसमज. पण प्रश्न मला आवडला. कारण कोणता रोबोट घ्यायचा हे कंपनीच्या जाहिरातीवरून ठरत नाही, ते तुमच्या फरशीवरून ठरतं. आणि आपल्या फरशीला इतिहास आहे. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा.

आधी झाडू. आपल्याकडे घरात शिंदीच्या पानांचा फडा आणि अंगणात खराटा, ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. फुलझाडू म्हणतो तो मऊ झाडू बाहेरून आला, त्याचं गवत ईशान्येकडच्या डोंगरांतलं. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणून तिला हळद-कुंकू लावायचं, एरवी तिला पाय लागू द्यायचा नाही. वस्तूला एवढा मान. पण ती वस्तू हातात धरून गावाचे रस्ते झाडणाऱ्या माणसाला आपण शतकानुशतकं गावाबाहेर ठेवलं, हेही त्याच घरांनी केलं. लक्ष्मी उंबरठ्याच्या आत आणि झाडणारा बाहेर.

या ढोंगावर सगळ्यात मोठा घाव आपल्याच वऱ्हाडातल्या माणसाने घातला. डेबूजी झिंगराजी जाणोरकर, म्हणजे गाडगेबाबा. जन्म १८७६, शेंडगाव, आजचा अमरावती जिल्हा. गावात आले की कोणाच्या घरी पाणी मागायच्या आधी खराटा घेऊन रस्ता झाडायला लागायचे आणि रात्री कीर्तन. ज्या कामाला गाव हलकं समजायचं तेच काम कीर्तनकार करतोय म्हटल्यावर बघणाऱ्याची पंचाईत व्हायची. आपल्या झाडीपट्टीत हा विचार जास्त करून तुकडोजी महाराजांच्या मार्गाने आला. ग्रामगीतेत ग्रामशुद्धीवर वेगळा अध्याय आहे, आणि सामुदायिक प्रार्थनेआधी परिसर झाडणं अनेक गावांत नेमाने चालायचं. पुढे २०००-०१ मध्ये आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं. तेव्हाचे ते दिवस ज्यांना आठवतात त्यांना माहीत आहे, तपासणीची समिती येणार म्हटलं की सरपंचापासून शाळेतल्या पोरांपर्यंत सगळ्यांच्या हातात झाडू. २०१४ नंतर झाडूसोबत फोटोही आला. काही फोटोंत तर झाडू इतका नवा असायचा की त्याची किंमतीची चिठ्ठी काढायची राहिलेली.

हे सगळं रस्त्याचं झालं. घराच्या आत मात्र झाडू बाईच्याच हातात राहिला. त्यावर कोणी अभियान काढलं नाही.

आता जरा इंग्लंडला जाऊ, कारण हे यंत्र तिकडून निघालं. १९०१ साली ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने लंडनमध्ये एक यंत्र पाहिलं, ते हवा फुंकून धूळ उडवत होतं. उडालेली धूळ पुन्हा खाली बसत होती. बूथच्या डोक्यात आलं, फुंकण्याऐवजी ओढली तर? त्याने एका हॉटेलात खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. खोकून बेजार झाला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला धुळीचा डाग उमटला होता. शोध लागला. त्याचं पहिलं यंत्र घोडागाडीवर असायचं. गाडी रस्त्यावर उभी, आणि लांबच लांब नळ्या खिडकीतून घरात. त्याच्या आवाजाने भाड्याच्या गाड्यांचे घोडे बुजायचे म्हणून त्याच्यावर दावे लागले. पण १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे त्यानेच साफ केले आणि श्रीमंत घरांत नाव झालं.

गालिचे हा शब्द लक्षात ठेवा.

घरात मावणारं यंत्र केलं ते अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका झाडूवाल्याने. जेम्स मरे स्पँगलर एका दुकानात सफाईचं काम करायचा आणि त्याला दमा होता. गालिचा झाडला की छाती भरायची. मग त्याने पंख्याची मोटार, झाडूचा दांडा आणि उशीची खोळ जोडून यंत्र बनवलं आणि १९०८ मध्ये पेटंट घेतलं. ते हक्क हूवर कुटुंबाने विकत घेतले. पुढे इंग्रजीत घर साफ करण्यालाच 'हूवर करणं' म्हणायला लागले, आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो तसं. स्पँगलरचं नाव मात्र आज किती जणांना माहीत आहे? ज्याला धुळीचा त्रास होता त्याने यंत्र काढलं आणि जो विकू शकत होता त्याचं नाव झालं. हा क्रम आपल्याकडेही नवा नाही.

भारतात हे यंत्र दारोदार आलं ते १९८२ नंतर. स्वीडनची इलेक्ट्रोलक्स आणि इथला फोर्ब्स उद्योग यांनी मिळून युरेका फोर्ब्स काढली. टाय लावलेला पोरगा जड बॅग घेऊन बेल वाजवायचा, तुमच्याच गादीतली धूळ काढून तुमच्याच समोर ओतायचा आणि घरच्या बाईला शरमेने घाम फुटायचा. नागपूरच्या कॉलन्यांत हा प्रकार खूप चालला. ज्यांनी घेतलं त्यांच्यापैकी बऱ्याच घरांत ते यंत्र पुढे माळ्यावर गेलं. माझ्या मते कारण साधं आहे. ते गालिच्याच्या देशातलं यंत्र होतं. आपल्याकडे गालिचा नाही, उघडी जमीन आहे, आणि उघड्या जमिनीला झाडू पुरतो.

आणि १९८२ मध्ये आपली जमीन कोणती होती? त्याच वर्षी २६ ऑगस्टला चांदा तुटून गडचिरोली जिल्हा झाला. तेव्हा आरमोरीत बहुतेक घरं मातीची, कवेलूची. सडा टाकायचा, शेणाने सारवायचं. सारवणाच्या जमिनीवर ओढणारं यंत्र फिरवलं तर धुळीसोबत जमीनच पोटात घालेल. मग कोबा आला, मग शहाबादी, मग ज्याची ऐपत त्याच्याकडे मोझॅक, आणि गेल्या वीसेक वर्षांत टाइल्स. घरकुल योजनेतल्या घरांनाही आता काही जण पदरचे पैसे घालून टाइल्स लावतात. सारवणाऱ्या बाईचे गुडघे सुटले ही खरी क्रांती, तिच्यावर कोणी लेख लिहिला नाही. पण टाइल्सवर धूळ दिसते. सारवलेल्या जमिनीवर जी दिसत नव्हती ती पांढऱ्या टाइल्सवर दिवसातून दोनदा दिसायला लागली. पोछा रोजचा झाला.

अमेरिकेतल्या इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांचं १९८३ चं एक पुस्तक नेमकं यावर आहे. यंत्रं आली तरी घरच्या बाईचं काम घटलं नाही, असा त्यांचा मुद्दा. पूर्वी वर्षातून एकदा गालिचा बाहेर काढून बडवायचे, ते काम पुरुष आणि पोरं करायची. यंत्र आल्यावर तोच गालिचा दर आठवड्याला साफ व्हायला लागला, आणि करणारी बाई एकटीच. आपल्या टाइल्सचंही तेच झालं.

रोबोट आला तो याच सपाट, चकचकीत जमिनीसाठी. इलेक्ट्रोलक्सने २००१ मध्ये पहिला बाजारात आणला, पण तो फार महाग होता. २००२ मध्ये अमेरिकेच्या आयरोबोट कंपनीने रूम्बा काढला, २०० डॉलरच्या आसपास, आणि जगभर गाजला. ही कंपनी एमआयटीतल्या तिघांनी १९९० मध्ये काढलेली. झाडू मारायच्या आधी ती जमिनीतले सुरुंग शोधणाऱ्या यंत्रांवर काम करत होती, आणि तिचे पॅकबॉट रोबोट अफगाणिस्तानच्या गुहांमध्ये सैनिकांच्या आधी आत पाठवले गेले. म्हणजे एक इंचही जागा न सोडता जमीन कशी फिरायची, हा प्रश्न या कंपनीपुढे सुरुंगांमुळे आधीच आलेला होता.

हे वाचलं तेव्हा मी थांबलो. १ मे २०१९ ला आपल्या शेजारच्या कुरखेडा तालुक्यात जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग स्फोट झाला, १५ पोलीस जवान आणि गाडीचा चालक गेले. जमिनीत काय दडलंय याची भीती ज्या जिल्ह्याने अशी भोगली, तिथे त्याच घराण्यातलं यंत्र आज सोफ्याखालचा कोंडा शोधत फिरणार आहे. एवढंच सांगायचं होतं, पुढे जाऊ.

पहिला रूम्बा आंधळा होता. भिंतीला धडकायचा, वळायचा, पुन्हा धडकायचा. २०१० च्या सुमारास लेझर फिरवून खोलीचा नकाशा काढणारे आले, नंतर कॅमेऱ्याचे. आपल्याकडे मागणी वाढली ती २०२० च्या लॉकडाऊनमध्ये. कामवाल्या बायांना सोसायट्यांनी गेटवर अडवलं, आणि त्याच एप्रिलमध्ये शाओमीने १७,९९९ रुपयांचा रोबोट भारतात आणला. योगायोग म्हणा.

आता तुमचा प्रश्न. मॉडेल मी सांगणार नाही, पट्टी घेऊन घर मोजा. खोल्यांमधला उंबरठा दीड-दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर साधा रोबोट तिथेच अडेल, आणि आपल्याकडचे उंबरठे लक्ष्मीसाठी बांधलेले आहेत, चाकांसाठी नाही. दिवाणाखाली दहा सेंटिमीटर मोकळी जागा नसेल तर जिथे हात पोहोचत नाही तिथे तोही पोहोचणार नाही. जाहिरातीत ओढण्याच्या ताकदीचे पास्कलचे मोठमोठे आकडे असतात. ती ताकद मुख्यतः गालिच्याला लागते. टाइल्सवर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका, त्यापेक्षा पोछा कसा मारतो ते पाहा. ओलं फडकं नुसतं ओढत नेणारा असेल तर डाग पसरवतो. गोल फिरणाऱ्या, दाबून पुसणाऱ्या पोछ्याचा चांगला. नकाशा काढणारा लेझरवाला घ्या, धडकत फिरणारा नको. दिव्याखाली अंधार तसा त्याच्या जागेभोवतीच कचरा राहतो, तेवढा हाताने काढावा लागेल. धानाच्या हंगामात गावात जो बारीक कोंडा उडतो त्याने फिल्टर लवकर भरेल, म्हणून धुता येणारा फिल्टर पाहा. आणि ज्यांच्या घरी कोशाचं काम चालतं त्यांनी तर नाद सोडलेला बरा. टसरचा धागा ब्रशला गुंडाळला की यंत्र जागेवर बसलं समजा.

कॅमेऱ्याबद्दल सावध. २०२२ च्या डिसेंबरमध्ये उघड झालं की चाचणीसाठी काही घरांत ठेवलेल्या रूम्बांनी टिपलेले फोटो, त्यात शौचालयात बसलेल्या एका बाईचाही, व्हेनेझुएलातल्या कंत्राटी कामगारांकडून फेसबुकवर गेले. त्या घरांनी चाचणीला होकार दिला होता, विक्रीची यंत्रं ती नव्हती. तरीही बेडरूममध्ये कॅमेरा फिरवायचा का, हे घरातल्या बायांना विचारून ठरवा, एकट्याने नाही. आणि कंपनीच्या मोठेपणावर जाऊ नका. ज्या आयरोबोटला ॲमेझॉन १.७ अब्ज डॉलरला घेणार होती तो सौदा २०२४ च्या जानेवारीत मोडला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. कंपनी जाते ती तिच्या चिनी उत्पादकाकडे, जो तिचेच रोबोट बनवत होता. तेव्हा ब्रश, फिल्टर, बॅटरी नागपुरात मिळते का हे आधी फोन करून विचारा. ॲप बंद पडलं तरी बटण दाबून चालतो का, तेही.

राहिला एक मुद्दा, जो मला कोणीच विचारला नाही. ज्यांच्याकडे पोछ्याला बाई येते त्यांनी तिचं काय ठरवलंय? सरकारच्या वेळ-वापर पाहणीत २०१९ मध्ये घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या बाया दिवसाला २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ मध्ये बाया २८९, पुरुष ८८. पाच वर्षांत बायांची दहा मिनिटं कमी झाली, पुरुषांनीही आपली नऊ कमी करून घेतली. तुमच्या घरी येणारी बाई ही मिनिटं दोन ठिकाणी भरते, तुमच्याकडे पैशाने आणि स्वतःच्या घरी फुकट. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्यात तिची नोंदणी होऊ शकते. आपल्या गावातल्या किती जणींची झाली आहे, हे मी या महिन्यात विचारत फिरणार आहे.

रोबोट भांडी घासत नाही, जाळी काढत नाही, पायऱ्या उतरत नाही. तो आल्यावर तिच्या कामातला एक भाग कमी होतो, काम संपत नाही. शिक्षक जोडप्याला मी तेच म्हटलं. पोछ्याचे पैसे कापायच्या आधी तिला विचारा, तेवढ्याच पगारात जाळ्या-खिडक्या करशील का. त्या बाईंनी लगेच विचारलं, "आणि तिने रोबोटच चालवला तर?" चालवू द्या की. बटण दाबायला आणि कचऱ्याचा डबा रिकामा करायला कोणी तरी लागणारच आहे.