कौलाची कुळकथा

भीमा-नीरेचा संगम इंदापूर तालुक्यात, नरसिंहपूरला. या दोन नद्यांमधला बारामती-इंदापूरचा मुलूख १६३६ च्या तहात, निजामशाहीची वाटणी होताना, आदिलशाहीकडे गेला आणि भीमेपलीकडे मोगल आले. शहाजीराजांची पुणे, सुपे, इंदापूरची जहागीर अशी ऐन सरहद्दीवर आली, तीही ओस पडलेली. १६३० च्या दुष्काळाने आणि फौजांच्या धामधुमीने रयत परागंदा झाली होती. गावच्या पांढरीत माणूस नाही, शेताच्या काळीत नांगर नाही. अशा मुलखात लष्कर ठेवायचे, तर दाणावैरण कुठून आणायची?

उत्तर होते कौल. शब्द अरबी, चाल सुलतानी दफ्तरांतली: सरकारने रयतेला दिलेले लेखी अभयवचन. परत या, पडीक जमीन लागवडीला आणा. सारा इस्ताव्याने घेऊ, म्हणजे पहिल्या साली नाममात्र, मग दर साल चढता आणि जमीन सुधारल्यावर पुरा. जहागिरीचे कारभारी दादोजी कोंडदेव यांच्या देखरेखीखाली याच रीतीने गावे पुन्हा नांदती झाली. पेठ वसवतानाही शेटे-महाजनांना कौल मिळे; ठरल्या मुदतीपर्यंत जकात माफ. मुदतीआधी कोणी बोलणे फिरवणार नाही, या भरवशावरच माणूस सरहद्दीवर घर बांधतो.

परराज्याशी चालणाऱ्या व्यापारातही आपल्या माणसाला राखण्याकडे शिवाजी महाराजांची अशीच नजर होती. पोर्तुगीजांच्या बारदेशचे मीठ स्वस्त पडून उदमी तिकडे वळतील, म्हणून १६७१ मध्ये त्यांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना त्यावर जबर जकात बसवायला लिहिले. आपले मीठ विकले जावे, हा हेतू पत्रात स्पष्ट आहे.

आपल्या माणसाला राखायचे आणि शेजाऱ्यालाही शब्द द्यायचा, ही कसरत आज कांद्यात दिसते. सप्टेंबर २०१९ मध्ये भारताने कांद्याची निर्यात एकाएकी बंद केली. बांगलादेशात भाव भडकले. तिथल्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आधी कळवले असते तर बरे झाले असते, असे बोलून दाखवले. २०२० मध्ये आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी आली. इकडे शेतकऱ्याचा भाव पडला, तिकडे शेजारी दुसरा पुरवठादार शोधू लागला.

शेजाऱ्याशी व्यापाराचा पक्का करार शांतताही राखतो, असे युरोपने मानले. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्स, पश्चिम जर्मनीसह सहा देशांनी १९५१ मध्ये कोळसा आणि पोलाद एका करारात बांधले, ते एकमेकांशी पुन्हा लढाई होऊ नये म्हणूनच. आपणही शेजारी देशांना कांदा, साखर, तांदूळ यांचा मुदतीचा कौल द्यावा: किती माल, किती वर्षे, हे आधी ठरवावे. टंचाईच्या सालीही तो पाळावा आणि त्यापायी होणारी तोशीस शेतकऱ्यावर न टाकता सरकारने सोसावी. सीमेवरच्या शांततेसाठी एवढा खर्च रास्तच आहे.