अलबेला : चित्रपटगीते

‘अलबेला’ (१९५१) या हिंदी चित्रपटातील गीतांचा समूह. संगीतदिग्दर्शन सी. रामचंद्र यांचे असून गीतरचना राजेंद्र कृष्ण यांची आहे. प्रमुख गायक लता मंगेशकर व ‘चितळकर’ हे होत. एक गीत महंमद रफी यांनी गायिले आहे. चितळकर हे स्वतः सी. रामचंद्र यांचेच आडनाव. पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ठेका आणि हिंदुस्थानी सुगम गायकी यांचा मेळ घालणाऱ्या हिंदी चित्रपटसंगीतात या गीतांना मानाचे स्थान आहे. चित्रपटगीते आकाशवाणीवर वाजवावीत की नाहीत, हा वाद ऐन भरात आला त्याच सुमारास ही गीते लोकांच्या ओठी होती. त्यामुळे भारतीय लोकरुचीच्या इतिहासातही त्यांचा विचार करावा लागतो.

संगीतकाराची घडण : रामचंद्र नरहर चितळकर (१२ जानेवारी १९१८–५ जानेवारी १९८२) यांचा जन्म पुणतांबे (सध्याचा अहिल्यानगर, पूर्वीचा अहमदनगर जिल्हा) येथे झाला. वडिलांच्या रेल्वेतील नोकरीमुळे त्यांचे बालपण महाराष्ट्राबाहेर डोंगरगढ येथे व पुढे नागपूर येथे गेले. नागपूरच्या श्रीराम संगीत विद्यालयात शंकरराव सप्रे यांच्याकडे त्यांनी शास्त्रोक्त संगीताचे धडे घेतले. याच गुरूंकडे शिकणारे दुसरे विद्यार्थी म्हणजे पुढे गायक व नट म्हणून ख्याती पावलेले वसंतराव देशपांडे. एकाच गुरूच्या या दोन शिष्यांपैकी एक मैफल व नाट्यसंगीत यांत रमला, तर दुसऱ्याने चित्रपटाची वाट धरली. पुणे येथे विनायकराव पटवर्धन यांच्या गांधर्व महाविद्यालयातही सी. रामचंद्रांचे शिक्षण झाले.

चित्रपटसृष्टीत त्यांचा प्रवेश नट म्हणून झाला (नागानंद, १९३५). नायक म्हणून यश न लाभल्याने ते सोहराब मोदी यांच्या मिनर्व्हा मूव्हीटोन या संस्थेत प्रथम लहान भूमिका व नंतर हार्मोनियमची साथ करू लागले. स्वतंत्र संगीतदिग्दर्शनाची पहिली संधी त्यांना तमिळ चित्रपटांत मिळाली. हिंदीत सुखी जीवन (१९४२) या चित्रपटाने त्यांचे नाव पुढे आले. त्याचे दिग्दर्शक भगवान यांच्याशी जुळलेला हा स्नेह पुढे अलबेलापर्यंत टिकला. बेनी गुडमन या अमेरिकी जॅझ वादकाच्या संगीताची त्यांच्यावर छाप होती. शहनाई (१९४७), पतंगा (१९४९) व समाधी (१९५०) या चित्रपटांतील हलक्याफुलक्या गीतांतून ती स्पष्ट दिसते.

चित्रपट : भगवान आबाजी पालव (१९१३–२००२) हे मुंबईच्या गिरणगावातून आलेले नट व दिग्दर्शक. गिरणी कामगाराचा हा मुलगा मूकपटांच्या काळापासून या व्यवसायात होता, आणि मारामारीचे अल्पखर्ची चित्रपट काढण्यात त्याचा हातखंडा होता. राज कपूर यांनी सामाजिक चित्रपट काढण्याचे सुचविल्यावरून त्यांनी अलबेला निर्माण केला, असे सांगितले जाते. रंगभूमीवर नाव काढण्याची स्वप्ने पाहणारा निर्धन कुटुंबातील तरुण ही नायकाची भूमिका स्वतः भगवान यांनी, तर नायिकेची गीता बाली यांनी केली. नायक नाटकमंडळीत शिरतो, या कथासूत्रामुळे गीतांना रंगमंचावरील नृत्याचे निमित्त आपोआप मिळाले. चित्रपट त्या वर्षीच्या यशस्वी चित्रपटांत गणला गेला व त्याचे मोठे श्रेय गीतांकडे जाते.

गीतांचे स्वरूप : गीतांचे ढोबळमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग रंगमंचीय नृत्यगीतांचा. ‘शोला जो भडके’ हे त्यातील प्रमुख. बाँगो, ओबो, ट्रंपेट, क्लॅरिनेट व सॅक्सोफोन या वाद्यांचा त्यात उपयोग केला आहे. ठेका परदेशी असला, तरी चाल दोन गळ्यांत वाटून दिलेली, सहज गुणगुणता येणारी आहे. दुसरा वर्ग संवादगीतांचा. ‘शाम ढले’ व ‘भोली सूरत’ या गीतांत रुसवा, थट्टा व लाडीगोडी यांचा खेळ असून बोलण्यातील चढउतार चालीत आणले आहेत. ‘भोली सूरत’ या गीतावरील भगवान यांचे ठाय लयीतले, खांदे व हात हलवीत केलेले नृत्य कोणालाही करता येण्याजोगे होते, म्हणूनच ते वराती व मिरवणुकांत रुळले. तिसऱ्या वर्गात ‘धीरे से आजा’ हे अंगाईगीत येते. पिलू रागाच्या आधाराने बांधलेली ही चाल अत्यंत अल्प वाद्यमेळात सादर केली असून लता मंगेशकरांच्या आरंभीच्या काळातील उत्कृष्ट गीतांत तिची गणना होते. नृत्यगीतांचा दणदणाट आणि या अंगाईची निःशब्दप्राय शांतता एकाच संगीतकाराने एकाच चित्रपटासाठी योजिली, ही गोष्ट लक्षणीय आहे.

वाद्यवृंद : या संगीताच्या घडणीत गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा आहे. आंतोनिओ वाझ ऊर्फ चिक चॉकलेट (१९१६–६७) हे बार्देश तालुक्यातील हळदोणे येथील ट्रंपेटवादक मुंबईतील हॉटेलांत जॅझ वाजवीत असत. सी. रामचंद्रांचे साहाय्यक म्हणून त्यांनी काम केले व अलबेलामध्ये ते आपल्या साथीदारांसह पडद्यावरही दिसतात. चर्चच्या शाळांतून स्वरलेखन शिकलेले हे वादक नसते, तर कंठाने चाल सांगणाऱ्या भारतीय संगीतकाराला अनेक वाद्यांचा मेळ बसविणे दुष्कर झाले असते. श्रेयनामावलीत मात्र अशा वादकांची नावे त्या काळी क्वचितच येत.

ध्वनिमुद्रिका : ही गीते प्रथम मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या ध्वनिमुद्रिकांवर निघाली. अशा मुद्रिकेच्या प्रत्येक बाजूस सुमारे तीन ते साडेतीन मिनिटांचे एकच गीत मावत असे. एखाद्या चित्रपटाची सर्व गीते एकाच संचात विकत घेण्याची सोय पुढे दीर्घवादी मुद्रिकांमुळे झाली. मुखडा, दोन-तीन अंतरे व मधले वाद्यखंड हा हिंदी गीताचा आटोपशीर घाट या मुद्रिकेच्या मर्यादेनेही पक्का झाला.

आकाशवाणीचा वाद : १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. ते मूळचे पुण्याचे व शास्त्रोक्त संगीताचे जाणकार होते. चित्रपटसंगीत पाश्चात्त्य वळणाचे व उथळ होत चालले आहे, या मतामुळे त्यांनी आकाशवाणीवरील चित्रपटगीतांवर निर्बंध आणले. निर्मात्यांशी वाद होऊन काही काळ ही गीते सर्वच केंद्रांवरून, अर्थात १९४८ मध्ये सुरू झालेल्या नागपूर केंद्रावरूनही, जवळजवळ नाहीशी झाली. श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. तेथून १९५२ च्या अखेरीस सुरू झालेला ‘बिनाका गीतमाला’ हा अमीन सयानी यांचा कार्यक्रम देशभर लोकप्रिय झाला. अखेर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू करून शासनाने लोकरुचीशी समेट केला.

केसकरांच्या धोरणाची दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आकाशवाणी संगीत संमेलने व वाद्यवृंद यांमुळे राजाश्रय गमावलेल्या अनेक कलावंतांना आधार मिळाला. तथापि चित्रपटसंगीत व शास्त्रोक्त संगीत हे परस्परांचे वैरी होत, ही त्यामागील धारणा सी. रामचंद्रांच्या उदाहरणावरून टिकत नाही. अलबेलानंतर दोनच वर्षांनी आलेल्या अनारकली (१९५३) या चित्रपटात त्यांनी भीमपलासी व बागेश्री या रागांच्या आधारे बांधलेली गीते दिली. आझाद (१९५५) मध्ये बागेश्रीचा पुन्हा सुरेख उपयोग केला. नागपूर व पुणे येथील विद्यालयांत मिळालेले स्वरज्ञानच त्यांना परक्या ठेक्यावर देशी चाल बेमालूम बसविण्यास उपयोगी पडले.

उत्तरकाल : अलबेलाच्या यशाची पुनरावृत्ती भगवान यांना साधली नाही. पुढे त्यांना किरकोळ भूमिकांवर निर्वाह करावा लागला व अखेरची वर्षे त्यांनी मुंबईतील चाळीत काढली. त्यांच्या जीवनावर एक अलबेला (२०१६) हा मराठी चित्रपट निघाला. सी. रामचंद्रांनी नवरंग (१९५९) सारखे चित्रपट व १९६३ मध्ये नवी दिल्ली येथे प्रथम गायिले गेलेले, कवी प्रदीप यांचे ‘ऐ मेरे वतन के लोगो’ हे गीत यांना संगीत दिले. माझ्या जीवनाची सरगम (१९७७) हे त्यांचे आत्मचरित्र. ज्या गीतांना एकेकाळी नभोवाणीचे दार बंद झाले, ती विविध भारतीच्या जुन्या गीतांच्या कार्यक्रमांत पुढे अभिजात म्हणून वाजविली जाऊ लागली. अभिजाततेचा निर्णय अखेर श्रोत्यांच्या पिढ्याच करतात, हे अलबेलाच्या गीतांनी दाखवून दिले आहे.