चक्रातला चरखा

तिरंग्याच्या मधोमध असलेल्या चाकाला आपण अशोकचक्र म्हणतो आणि ते बरोबरच आहे. मात्र संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी ध्वजाचा जो ठराव मंजूर केला, त्यात या चाकाची ओळख आधी वेगळी सांगितलेली आहे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी चरख्याचे प्रतीक म्हणून गडद निळे चाक असेल, असे ठराव म्हणतो. ते चाक सारनाथच्या सिंहस्तंभशीर्षावरील चक्रासारखे असावे, हे त्यानंतर येते. म्हणजे अर्थ चरख्याचा आणि आकार सारनाथचा. ध्वज कसा असावा आणि कोणी, कधी, कसा फडकवावा याबद्दल आज जे नियम आहेत, त्यांचे कूळ शोधायचे तर या वाक्यापासूनच निघावे लागते. कारण त्या नियमांत दोन वेगळ्या घराण्यांचे नियम मिसळलेले आहेत. काही ध्वजाच्या स्वतःच्या जन्मकथेतून आले, तर काही राजचिन्ह जपण्याच्या सरकारी रीतीतून. गेल्या पंचवीस वर्षांत आपण दुसऱ्या घराण्याचे काही नियम सैल केले आणि ते योग्यच झाले. त्याच ओघात पहिल्या घराण्यातला सर्वांत मोलाचा नियमही मात्र हातचा गेला.

जन्मकथा चळवळीतली आहे. १९२१ मध्ये बेझवाड्याच्या काँग्रेस बैठकीच्या वेळी पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींपुढे ध्वजाचा आराखडा ठेवला. त्यावर चरखा असावा ही सूचना जालंधरच्या लाला हंसराज यांची होती, तर पांढरा पट्टा गांधीजींनी सुचवला. पुढे १९३१ मध्ये ध्वज ठरवण्यासाठी नेमलेल्या समितीने संपूर्ण केशरी ध्वजाची शिफारस केली, पण मुंबईत भरलेल्या अखिल भारतीय काँग्रेस समितीने केशरी, पांढरा, हिरवा आणि मध्ये चरखा असा तिरंगाच स्वीकारला. या दोन तारखांच्या मध्ये नागपूर येते. १९२३ च्या मे महिन्यात तिथल्या सिव्हिल लाइन्समधून झेंडा घेऊन जायला बंदी झाली आणि झेंडा सत्याग्रह उभा राहिला. जमनालाल बजाज तुरुंगात गेले, वल्लभभाई पटेलांनी नेतृत्व हाती घेतले, देशाच्या कानाकोपऱ्यातून स्वयंसेवक येऊन अटक करवून घेत राहिले. अखेर १८ ऑगस्टला झेंड्यासह मिरवणूक त्याच रस्त्याने गेली. या लढ्यात झेंड्याचा रंग किंवा माप हा मुद्दाच नव्हता. सामान्य माणसाने तो हातात धरून सार्वजनिक रस्त्याने चालावे की नाही, एवढाच प्रश्न होता. तेव्हा ध्वजाबाबतचा आपला सर्वांत जुना दावा नागरिकाच्या हक्काचा आहे.

१९४७ मध्ये चरख्याचे चक्र झाले, त्यामागे आकाराची एक अडचण होती. चरख्याला एका बाजूला चाक आणि दुसऱ्या बाजूला चाती. वाऱ्यावर फडकणारा ध्वज मात्र दोन्ही अंगांनी दिसतो आणि मागून पाहिले की चरखा उलटा होतो. संविधान सभेत ठराव मांडताना जवाहरलाल नेहरूंनी हे सांगितले होते. गांधीजींना हा बदल रुचला नाही, पण ठरावाच्या शब्दांत चरखा राहिला. त्या दिवशी सभेपुढे दोन ध्वज ठेवले होते, एक रेशमी आणि एक सुती खादीचा. पुढे नियमांनी खादी धरून ठेवली. भारतीय मानक संस्थेच्या मानकांतला पहिला क्रमांक, आयएस १, राष्ट्रध्वजाचा आहे. १९५१ मध्ये तो आला आणि १९६४ मध्ये दशमान पद्धतीनुसार सुधारला गेला. ध्वजाची नऊ मापे ठरली. सर्वांत मोठा ६३०० बाय ४२०० मिलिमीटर आणि टेबलावरचा १५० बाय १००, पण लांबी-रुंदीचे प्रमाण सगळीकडे ३:२. रंग किती पक्का हवा, सूत कसे हवे, दोरी कशी हवी, चक्राचे २४ आरे दोन्ही बाजूंनी नीट दिसले पाहिजेत, इतके सारे या मानकाने बांधून दिले. या मापाने ध्वज शिवणाऱ्या संस्था मोजक्याच. हुबळीजवळच्या बेंगेरीची खादी संस्था आणि नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती यांची नावे त्यात घ्यावी लागतात. हे नियम कडक होते, पण ते घडवणाऱ्या हातांसाठी होते. ध्वज बाळगणाऱ्याला त्यांनी अडवले नाही.

अडवणारे नियम वेगळ्या वाटेने आले. १९५० च्या कायद्याने राष्ट्रीय चिन्हे आणि नावांचा व्यापारी वापर रोखला. १९७१ च्या कायद्याने ध्वजाची सार्वजनिक विटंबना हा तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा केला. या दोन्ही तरतुदींमागचे कारण समजण्यासारखे आहे. पण त्यांच्या जोडीला ध्वजवापराच्या सरकारी सूचना होत्या आणि त्यांनुसार सामान्य नागरिकाला ठरावीक राष्ट्रीय दिवसांखेरीज ध्वज फडकवता येत नव्हता. नागपूरच्या रस्त्यावर मिळवलेला हक्क स्वराज्यात परवानगीचा विषय झाला होता. रायगढच्या कारखान्यावर रोज तिरंगा लावणाऱ्या नवीन जिंदाल यांना प्रशासनाने रोखले, तेव्हा ते न्यायालयात गेले. १९९५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, २६ जानेवारी २००२ पासून नवी ध्वजसंहिता लागू झाली आणि जानेवारी २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्कामोर्तब केले. सन्मानपूर्वक ध्वज फडकवणे हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, तो कायद्याने नियंत्रित होऊ शकतो, पण ध्वजसंहिता ही कार्यकारी सूचनांची संहिता असल्याने निव्वळ तिच्या बळावर हा मूलभूत हक्क अडवता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. माझ्या मते हा निकाल झेंडा सत्याग्रहाचाच उत्तरार्ध आहे.

२००२ च्या संहितेने नागरिकासाठी दार उघडले, तरी कापडाची अट ठेवली होती. ध्वज हाताने कातलेल्या आणि हाताने विणलेल्या खादीचाच हवा, मग ती सुती असो, रेशमी असो वा लोकरी. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर बनलेले आणि पॉलिएस्टरचे ध्वजही मान्य झाले. पुढच्या जुलैत नागरिकांना रात्रंदिवस ध्वज फडकवत ठेवण्याची मुभा मिळाली आणि ऑगस्टमध्ये ‘हर घर तिरंगा’ अभियान आले. रात्रीची मुभा नागरिकाचा हक्क वाढवते. पॉलिएस्टरची मुभा मात्र ध्वजाच्या अर्थाला हात घालते. दोन्ही सवलती सैलपणाच्याच दिसत असल्या, तरी त्यांचे कूळ एक नाही.

यावर पहिला आक्षेप असा की, संविधान सभेच्या ठरावात कापडाचा शब्दच नाही, मग खादी हे ध्वजाचे अंग कसे? ठरावात कापड नाही हे खरेच. पण चाक चरख्याचे प्रतीक आहे हे ठरावच सांगतो. हातसुताशी काहीच नाते नसलेल्या पॉलिएस्टरवर चरख्याचे चिन्ह छापणे म्हणजे ज्या श्रमाला मान द्यायचा, त्यालाच कामातून वगळणे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. घरोघरी ध्वज हवा तर मोजक्या खादी संस्था पुरणार नाहीत, खादी महाग पडते आणि गरिबाच्या घरी ध्वज पोहोचणार नसेल तर तो हक्क कसला? नागपूरची आठवण सांगणाऱ्याने हा आक्षेप झटकून टाकू नये. पण त्यावरचा उपाय खादीची अट सर्वांसाठी उठवणे हा नव्हता. घरावरच्या छोट्या ध्वजासाठी साध्या सुती कापडाची सवलत देऊन सरकारी इमारती, न्यायालये, शाळा आणि शासकीय खरेदी यांच्यासाठी खादी बंधनकारक ठेवता आली असती. नागरिकाला सवलत आणि राज्यसंस्थेला बंधन, अशीच विभागणी या इतिहासाला शोभते. शिवाय व्यवहारातही कापडाने फरक पडतो. खराब झालेला ध्वज एकांतात, शक्यतो जाळून, सन्मानाने नष्ट करावा असे संहिता सांगते. सुती कापडाची राख होते, तर पॉलिएस्टर वितळून त्याचे गोळे होतात. ध्वज कोणत्या कापडाचा, यावर त्याचा निरोपही अवलंबून असतो.

तिसरा आक्षेप नियमांवरच आहे. अमेरिकेत ध्वजवापराचे नियम आहेत, पण ते मार्गदर्शक आहेत. १९८९ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निषेध म्हणून ध्वज जाळणे हेही संरक्षित अभिव्यक्ती ठरवले. मग आपणच इतके काटेकोर का राहावे? अपमानाला किती शिक्षा असावी यावर वाद जरूर व्हावा. पण तो दुसऱ्या घराण्यातला, राजचिन्हाच्या रक्षणाचा प्रश्न आहे. कापडाचा नियम कोणालाही तुरुंगात धाडत नव्हता. तो सरकारला खरेदी कुठून करायची ते सांगत होता आणि बेंगेरीत, नांदेडमध्ये बसलेल्या कारागिराला काम देत होता. शिक्षेचे नियम सौम्य झाले तरी ध्वजाचे काही बिघडणार नाही. सुताचा नियम परत आला नाही, तर चक्राच्या आत ठेवलेला चरखा वाचायला मागे फक्त ठरावाचे शब्द उरतील. संहितेची पुढची दुरुस्ती होईल, तेव्हा ती लिहिणाऱ्यांनी १९४७ च्या ठरावातले ते चाकाचे वाक्य आधी वाचावे आणि सरकारी ध्वजाला खादी परत द्यावी.